वार्धक्य, स्मृती आणि रक्तदाबाचे औषध



वार्धक्यात स्मृती क्षीण होते. परंतु सर्व प्रकारची स्मृती सारख्याच वेगाने नव्हे. ऐकलेला दूरध्वनी क्रमांक लिहून होईपर्यंत मनात धरून ठेवणारी कार्यकारी स्मृती मेंदूच्या अग्रखंडाच्या पुढील भागावर अवलंबून असते आणि ती लवकर डळमळते. रीसस माकडांतही हेच आढळते. दोन खळग्यांपैकी एकात माकडाच्या देखत खाऊ ठेवावयाचा, दोन्ही झाकून मध्ये पडदा सोडावयाचा व काही सेकंदांनी निवड करू द्यावयाची. चाचणी पोरखेळासारखी वाटते खरी. पण विलंब वाढला की वृद्ध माकडे चुकू लागतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठात एमी आर्नस्टेन व पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी अशा माकडांना क्लोनिडीन दिले. हे मूलतः रक्तदाब कमी करणारे औषध. तरीही चुका घटल्या. हे संशोधन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे, कमी गुंगी आणणाऱ्या ग्वानफेसीननेही तसेच घडले. कारण २०११ मध्ये अधिक स्पष्ट झाले. विलंबाच्या काळात आठवण तेवती ठेवणाऱ्या चेतापेशींची सक्रियता वयाबरोबर मंदावते. ग्वानफेसीन त्या पेशींतील काही आयनवाहिन्या उघडू देत नाही, त्यामुळे ती सक्रियता पुन्हा वाढते.

माणसांत मात्र तसे घडले नाही. येल येथेच ७५ वर्षे व त्यापुढील निरोगी व्यक्तींना १२ आठवडे ग्वानफेसीन देण्यात आले. २०१८ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत लाभ दिसला नाही. बालकांतील अवधान-न्यूनता विकारासाठी मात्र या औषधास अमेरिकेत २००९ मध्येच मान्यता मिळाली होती.