चाकांवरचे घर



या व्याख्यानमालेत प्रवासावर बोला असे मला सांगितले गेले, तेव्हा युनियनचा हा माणूस एकदा तरी मोर्चा सोडून बोलेल अशी चालकांची अपेक्षा असावी. त्यांची थोडी निराशा होणार आहे.

मागे एका मार्चमध्ये मी व माझी पत्नी मेलबर्नला लेकीकडे गेलो होतो. तिने आम्हांला एक कॅरव्हॅन भाड्याने घेऊन दिली. गाडीतच बिछाना, दोन शेगड्या, छोटा फ्रीज आणि पाण्याची टाकी. मी बारा वर्षे एस. टी.ची गाडी हाकलेली. तिकडेही वाहने डावीकडूनच चालतात. परवान्याचे जुळले आणि आम्ही दोघेच निघालो. लग्नाला तीस वर्षे होत आली होती, पण दोघांनीच कोठे जाण्याचा तो पहिला प्रसंग. दर उन्हाळ्यात कोणता ना कोणता करार आडवा येई. लोकांच्या रजेसाठी भांडताना घरच्या माणसाची रजा राहून गेली.

टॉर्कीपासून ग्रेट ओशन रोड सुरू होतो. सुमारे २४० किलोमीटरचा हा रस्ता कधी समुद्राला अगदी खेटून, तर कधी कड्याच्या पोटातून जातो. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर एक लाकडी कमान आहे. तेथे गाडी थांबवली आणि कळले की हा रस्ता म्हणजे एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी तो कुदळ-फावड्यांनी खोदला. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी, शनिवारी अर्धा दिवस काम, आणि राहायला तंबू. १९२४ साली ‘कॅसिनो’ नावाची बोट जवळच खडकावर आदळली व तिला बिअरची ५०० पिंपे समुद्रात टाकावी लागली. ती मजुरांच्या हाती लागली आणि काम दोन आठवडे बंद पडले, असे सांगतात. मागणीपत्रावाचून झालेला इतका यशस्वी संप माझ्या ऐकिवात नाही!

त्यांचा आठ तासांचा दिवस काही आकाशातून पडला नव्हता. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला, त्यातून तो आला. त्या शहरात ८-८-८ असे आकडे मिरवणारा एक स्तंभच उभा आहे : काम, करमणूक, विश्रांती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती १८९० साली. आणि १९४८च्या कारखाना कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. तिकडे आज वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा मिळते. कॅरव्हॅनच्या तळांवर भेटलेले निवृत्त फिटर, ड्रायव्हर, परिचारिका हे सारे त्या हक्कावरच हिंडायला शिकलेले लोक.

ट्वेल्व्ह अपॉसल्सचे चुनखडीचे सुळके पाहिले. त्यांतला एक २००५ साली कोसळला. समुद्र रजा घेत नाही. तेथून माउंट गँबिअरवरून कूनावाराच्या द्राक्षमळ्यांत आलो. चुनखडीवर लाल मातीची एक अरुंद पट्टी, तीवर मैलोगणती वेली. वाइन मी चाखली का हे येथे विचारू नये; चाखली. माझी पत्नी निफाडची. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी बघत ती वाढली. तिकडे छाटणी एकदाच, हिवाळ्यात, हे ऐकून तिला वेलींचा हेवा वाटला. रात्री शेजारच्या मळ्यात दिवे लावून एक यंत्र आले. वेलींच्या ओळीवर स्वार होऊन ते द्राक्षे झटकून घेत चालले होते. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “अहो, आमच्याकडच्या तोडणीच्या बायका इथे असत्या तर कुठे गेल्या असत्या?” मला उत्तर देता आले नाही.

त्याच रात्री मी तिला विचारले, “कशी वाटली सहल?” ती भांडी विसळत होती. “चांगली आहे की. पण स्वयंपाकघर तेच आहे, फक्त चाके लावलीत.” मंडळी, चार दिवस मी आठ तासांच्या दिवसाचे गोडवे गात गाडी चालवीत होतो, आणि मागे हीच बाई सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबत होती. आमच्या एकाही मागणीपत्रात हे काम आले नाही. मी स्वतः शेकडो मागणीपत्रे लिहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी पेनोलाला मुक्काम केला. तिला बाहेर घडीच्या खुर्चीत बसवले आणि मी पिठले टाकले. त्यात गुठळ्या झाल्या. हळद कोठे आहे, म्हणून विचारले, तर तिने बसल्या जागेवरून सांगितले, “डावीकडच्या खणात,” आणि ती उठली नाही.