बरणीतली बाग आणि पाण्याचा मोह

आजचा विषय टेरेरियम, म्हणजे काचेच्या बंद बरणीतली छोटीशी बाग. कशी करायची याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे ती कृती मी भराभर सांगतो आणि नंतरच्या पंधरा दिवसांवर जास्त बोलतो. मुलांबरोबर करताना खरी गंमत तिथे असते, आणि पंचाईतही.

तर, मुलाचा हात आत जाईल एवढ्या तोंडाची काचेची बरणी घ्या. लोणच्याची असेल तर तेलाचा वास जाईपर्यंत धुवा. तळाला दोन बोटं बारीक खडी, कारण बरणीला भोक नसतं आणि जादा पाण्याला जागा लागते. त्यावर थोडा कोळशाचा चुरा. इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरत असेल तर त्याच्याकडे मिळेल, नाही मिळाला तरी अडत नाही. मग तीन-चार बोटं माती. मुठीत दाबली की गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओली. झाडं कोणती? नर्सरीतला छोटा फिटोनिया, आणि पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर येणारं मऊ हिरवं शेवाळ. जुन्या ओल्या भिंतीवर हंसराज दिसला तर त्याचं एखादं पिल्लू. कॅक्टस आणि कोरफड नको, बंद दमट हवेत कुजतात. झाकण लावा. झालं.

ही कल्पना कुणाला सुचली ते मुलांना जरूर सांगा, त्यांना आवडतं. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. १८२९ च्या सुमाराला त्यांनी पतंगाचा कोष बाटलीत ओल्या मातीवर ठेवून झाकण लावलं. बघायचा होता पतंग, पण मातीतून उगवलं नेच्याचं रोप आणि थोडं गवत. दिवसा मातीतलं पाणी वर जायचं, काचेवर जमायचं आणि परत खाली उतरायचं. पुढे याच तत्त्वावर त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला गेल्या. नंतर चीनमधली चहाची रोपं हिमालयात आली तीही अशाच पेट्यांतून. आणि ती पहिली बाटली? जवळजवळ चार वर्षं टिकली. वॉर्ड घरी नसताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाडं गेली.

मला हा शेवट फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलांच्या बरण्याही याच कारणाने जातात.

आमच्या सोसायटीत आठ मुलांनी आठ बरण्या केल्या. पाचव्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलाची बरणी दिवसभर धुरकट राहायला लागली. फिटोनियाचं पान काळं पडलं, मातीवर पांढरी बुरशी आली. रात्री त्याच्या आईचा मेसेज : "नर्सरीतून तसंच झाड आणून गुपचूप लावू का? त्याला कळणार नाही."

मी नको म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, आणि त्यांची बाजू मला कळत होती. मूल हिरमुसलेलं कुणाला बघवतं? पण झाड बदललं असतं तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत स्प्रे घेऊन उभा राहिला असता. आमच्या कामात लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करतात, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी त्याने मला थेट विचारलं, "मी पाणी दिलं म्हणून मेलं का?" सात वर्षांच्या मुलाला 'तू प्रेमाने केलंस त्यानेच ते गेलं' हे सांगणं अवघड असतं. मी म्हटलं, "हो, पाणी जास्त झालं." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता काय करायचं?" आम्ही चिमट्याने कुजलेला भाग काढला आणि झाकण दोन दिवस उघडं ठेवलं. फिटोनिया गेला. हंसराज आणि शेवाळ राहिलं. रिकाम्या जागी त्याला काही लावायचं नव्हतं. का ते मी विचारलं नाही.

दुसरा वाद गोगलगायीवरून. एका मुलीला ती आत ठेवायची होती. मी नाही म्हटलं, पण निर्णय मुलांच्या चर्चेतून झाला. "ती दोन दिवसांत सगळं खाऊन टाकेल, मग काय खाईल?" हा प्रश्न एका पोराने विचारला आणि गोगलगाय परत कुंडीत गेली.

आता बरणी कशी वाचायची तेवढं सांगतो. सकाळी काचेच्या एका बाजूला धुकं, दुपारी साफ : छान चाललंय. दिवसभर धुकं : झाकण उघडा. आठवडाभर काच कोरडी आणि माती फिकी : एक-दोन चमचे पाणी. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. बंद काच उन्हात तापते आणि आतली झाडं अक्षरशः शिजतात.

आणि सुट्टीत गावाला जाताना बरणी शेजाऱ्यांकडे देऊ नका. शेजारी पाणी घालतात.