विजेची परतीची वाट

संगणकाच्या पेटींतील हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा असतात. त्यांतून संदेश धांवतात. परंतु विजेचा प्रवाह एकेरी नसतो. गेला तितका परतावाच लागतो. त्यासाठीं रेघांच्या खालीं तांब्याचा सलग पत्रा असतो. संथ बदलणारा प्रवाह त्यावर ऐसपैस पसरून परततो. शीघ्र बदलणारा मात्र रेघेच्या अगदीं खालून, सांवलीसारखा चालतो; कारण तेथें जाण्या-येण्याच्या वाटांचें वेटोळें सर्वांत लहान आणि म्हणून अडथळाही सर्वांत कमी.

निरनिराळ्या दाबांसाठीं हा पत्रा चिरला आणि रेघ त्या चिरेवरून नेली, कीं ती वाट तुटते. परतणाऱ्या प्रवाहाला चिरेच्या टोकाशीं वळसा पडतो. वेटोळें वाढतें, संदेशाची धार बोथट होते, शेजारच्या रेघांत त्याची कुजबूज शिरते आणि पाटीच प्रक्षेपक बनून जवळच्या रेडिओंत खरखर उठविते. संदेश एका अब्जांश सेकंदांत सुमारें १५ सेंटीमीटर जातो. तेव्हां दोन-चार सेंटीमीटरांचा वळसाही क्षुल्लक नव्हे.

रेघ चिरेवरून नेऊं नये, हाच उत्तम उपाय. न्यावीच लागली, तर तिच्या लगत चिरेवर कंडेन्सरचा पूल बांधावा. वरची रेघ निर्दोष दिसते. म्हणूनच दोष शोधणाऱ्यानें आधीं खालचा पत्रा पाहावा.