प्रवासातील परान्न

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. शास्त्रार्थ करण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला असल्यामुळे नकाशाचा आणि पानात वाढलेल्या अन्नाचा जो संबंध आहे, त्याविषयी चार शब्द बोलावे असे मनात आले. निमित्तही तसेच घडले आहे. पुढील वर्षाच्या सहलीच्या खर्चाचा अंदाज आपल्यासमोर आहे. त्यातील पहिलीच बाब 'आचारी, दोन मदतनीस व भांडी' अशी आहे. ही बाब गाळावी, एवढी विनंती करण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आपल्या सहलींची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जोधपुरास आपण गेलो, मेहरानगडचा किल्ला पाहिला, आणि दुपारी धर्मशाळेच्या अंगणात पंगत बसली ती वरण-भात, बटाट्याची भाजी आणि मठ्ठ्याची. जेवण रुचकर होते, यात शंका नाही. परंतु ते जेवण्यासाठी जोधपुरास जाण्याचे काही कारण नव्हते.

त्या दिवशी धर्मशाळेपासून हाकेच्या अंतरावरील एका साध्या भोजनालयात केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची रोटी मिळत होती. केर हे मरुभूमीतील एका जवळजवळ पर्णहीन, काटेरी झुडुपाचे फळ. आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाची शेंग. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करितो ती शमीच होय. जोधपुरास वर्षाकाठी चारशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तेथे भाजीपाल्याचे मळे कोठून असणार? म्हणून न पेरता, न शिंपता जे येते ते तोडावे, उन्हात वाळवून साठवावे, आणि लागेल तेव्हा भिजवून तेला-मसाल्यात शिजवावे, असा मार्ग तेथील लोकांनी काढला. वारंवार पडणाऱ्या दुष्काळांत याच वाळवणांनी माणसे जगविली. किल्ला राजाने बांधला खरा. पण त्या मुलखात प्रजा कशी तगली, हे त्या भाजीने सांगितले असते. ते ऐकण्याची संधी आपण वरण-भातापायी सोडली.

दूर कशाला, आपल्या महाराष्ट्रातच पाहा. रत्नागिरीस सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. तेथे भात, नारळ आणि आमसूल, आणि जेवणाच्या अखेरीस सोलकढी. घाट चढून सोलापुरास जावे, तो पाऊस सहाशेच्या आसपास. तेथे काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. तिची पापडासारखी कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते आणि जोडीला उखळात कुटलेली शेंगांची चटणी असते. शेतमजुराला, विणकराला, वाटसरूला बांधून नेता यावे, असे हे अन्न आहे. हिवाळ्यात जळगावाकडे जावे. तेथे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून, हिरव्या मिरच्या व लसूण घालून भरीत ठेचतात आणि कळण्याच्या पुरीबरोबर वाढतात. कापसाचा मुलूख म्हणून कापसाचीच काडी सरपणाला! पावसाचे आकडे आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु या तीन पानांवर जो भूगोल वाढलेला आहे तो ज्याने एकदा चाखला, तो कधी विसरणार नाही.

आणि पदार्थांप्रमाणेच जेवण्याच्या रीतीही पाहण्यासारख्या असतात. आपल्याकडे पानात डावी बाजू, उजवी बाजू ठरलेली. सारे एकदम वाढलेले. बंगालमध्ये क्रमाने वाढतात. प्रथम कडू, म्हणजे कारले वगैरे घातलेली शुक्तो नावाची भाजी. मग डाळ, भाज्या, मासे. नंतर आंबटगोड चटणी, आणि शेवटी मिष्टान्न. बंगाल म्हटले की आपले शाकाहारी बंधू घाबरतात. परंतु त्याच प्रांतात केळफुलाची भाजी, खोबरे घातलेली हरभऱ्याची डाळ आणि लुची असे उत्तम शाकाहारी जेवण मिळते. त्यातील पुष्कळ पदार्थ विधवा स्त्रियांच्या स्वयंपाकघरात सिद्धीस गेले. मासे, कांदा, लसूण हे सारे त्यांना रूढीने वर्ज्य केले होते. उरलेल्या थोड्या जिनसांतून त्यांनी ही चव निर्माण केली. असे अन्न जेवताना जिभेबरोबर मनही थोडे जागे राहते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपण आचारी बरोबर नेतो तो केवळ चवीसाठी नेतो काय? आमच्या मते त्याच्या मुळाशी एक जुनी सवय आहे. परान्न वर्ज्य, ही आपल्या पूर्वजांची शिकवण. गावाबाहेर पडणारा मनुष्य शिदोरी बांधून निघे. ती संपली की आपल्या जातीचे घर नाहीतर आपल्या जातीची खानावळ शोधी. १९४७ पूर्वी रेल्वेच्या स्थानकांवर पाणीसुद्धा 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे निरनिराळे असे. ज्यांना अस्पृश्य लेखीत, त्यांना तर यांपैकी कोठेच सरळपणे पाणी मिळत नसे. ज्ञातींच्या पंगतींतही कोणी कोठे बसावे याचे दंडक होते. आपल्या संघाच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्ञातीचा अभिमान बाळगावयाचा तर तिच्या इतिहासातील हे पानही वाचले पाहिजे.

ही भिंत आपोआप पडली नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढावयास साहाय्य केले. अस्पृश्य गणलेल्या मनुष्याच्या हातचा चहा प्यावयास गिऱ्हाईक येईना, तेव्हा छत्रपती स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवीत, चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. एक कप चहा, पण त्याने जे काम केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी नाना जातिधर्मांच्या गिरणीकामगारांना आणि कारकुनांना शेजारी शेजारी बसण्याची सवय लाविली. आणि २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने, पंधराव्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणासही सार्वजनिक उपाहारगृहात प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत घालून दिले. जे दार उघडण्यासाठी थोरांनी इतके कष्ट घेतले, त्याच्यासमोरून आपण आपला डबा घेऊन पुढे जावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

कोणी म्हणतील, 'आपले अन्न ते आपले. त्याचे पावित्र्य निराळे.' त्यांना आमचे नम्र सांगणे असे, की एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहावे. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि त्याचे मोठे उत्पादन तमिळनाडूत सेलमच्या परिसरात होते. हा कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या सफरीनंतर युरोपीय जहाजांतून ती जगभर पसरली. बटाटा हा शब्दही आपण पोर्तुगिजांकडून घेतला. म्हणजे आपल्या उपवासाच्या परम पवित्र पदार्थातून परान्न काढून टाकावयाचे ठरविले, तर थाळीत तूप, जिरे आणि मीठ एवढेच उरेल!

आणखी एक गोष्ट, जी आज आपल्यापैकी पुष्कळ घरांत जिव्हाळ्याची आहे. आपली मुले-मुली बंगळुरास, चेन्नईस, हैदराबादेस नोकऱ्या करितात. काहींच्या घरी कानडी, तेलुगू, बंगाली सून किंवा जावई आला आहे. कोणाला ते मनापासून रुचले, कोणी केवळ स्वीकारले. ती सून पहिल्या सणाला आपल्या आईच्या हातचा एखादा पदार्थ रांधते आणि पानाकडे नव्हे, आपल्या तोंडाकडे पाहत उभी राहते. त्या क्षणी सासूसासऱ्यांनी 'आमच्याकडे असे करीत नाहीत' म्हणावे की आणखी थोडे मागावे, यावर त्या घराचे पुढचे सुख अवलंबून असते. अनोळखी चवीचा आदर करण्याची सवय प्रवासात लागली, तर ती घरातही उपयोगी पडेल.

व्यवहाराच्या चार सूचना सांगून पुरे करितो. देवळाच्या दारातील, पन्नास पदार्थांची पाटी लावलेले हॉटेल टाळावे. एस.टी.चे चालक-वाहक, कचेरीतील कारकून आणि बाजारचे हमाल दुपारी जेथे जेवतात, तेथे जावे. पदार्थांची यादी न मागता 'आज काय केले आहे?' असे विचारावे. अन्न वाफाळते असावे; चिरून ठेवलेली फळे आणि पाणी यांबाबत सावध राहावे; पहिल्या दिवशी अर्धपोटी जेवावे. ज्यांना पथ्य आहे अशा वृद्धांसाठी मऊ भाताची सोय अवश्य करावी. कोणी आपले व्रत मोडावे असेही आमचे म्हणणे नाही. शाकाहाऱ्यास खाण्याजोगे या देशात सर्वत्र काही ना काही मिळते.

मुलांसाठी एक वही द्यावी आणि प्रत्येक गावी पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावी. धान्य कोणते? तेल कशाचे? आंबटपणा कशाने आणला? तिखटपणा कशाचा? आणि हे सारे येथेच का? बंगालात मोहरीचे तेल, केरळात खोबरेल, तमिळनाडूत तिळाचे. कोकणात आमसूल, घाट उतरून दक्षिणेस चिंच, मारवाडात ताक आणि आमचूर, असे एकेक उत्तर वहीत उतरत जाईल, आणि घरी परतेपर्यंत मुलांनी स्वतःच भारताचा एक नकाशा काढलेला असेल.

तेव्हा आमची सूचना अशी : पुढील सहलीत आचारी नेऊ नये, दुपारचे जेवण त्या त्या गावी, गावच्या रीतीने घ्यावे, आणि जी रक्कम वाचेल ती विद्यार्थी-साहाय्य निधीत जमा करावी. सभेने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.