निमूटपणा आणि अवधान

(झाशी येथे लक्ष्मी तालाच्या काठी, वसंत ऋतूत दिलेले व्याख्यान)



ज्या तलावाकाठी महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि आपले पती गंगाधरराव यांची छत्री राणी लक्ष्मीबाईंनी जेथे बांधविली, तेथे मराठी श्रोत्यांपुढे इतिहास सोडून औषधांविषयी बोलणे हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु नुकतीच एका मातेने दाखविलेली गणिताची वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, त्यास माझा इलाज नाही.

त्या वहीत उदाहरण एकही सोडविलेले नव्हते. समास मात्र पट्टीने आखलेला, खोडलेला, पुन्हा आखलेला, इतका की कागद फाटावयास आला होता. औषध सुरू असलेला तो मुलगा तासभर जागचा हलला नाही, म्हणून शाळेने ‘सुधारणा समाधानकारक’ असा शेरा मारला. डबा न उघडताच घरी आला होता; त्याची नोंद शाळेच्या दप्तरी कशी होणार?

घरोघर ज्याला आता एडीएचडी म्हणतात, त्या अवधान-न्यूनतेवर पुष्कळदा मिथिलफेनिडेट देतात. १९४४ साली स्वित्झर्लंडातील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी ते प्रथम सिद्ध केले, आणि त्यांच्या पत्नी रीटा यांच्या नावावरून त्याचे ‘रिटालिन’ झाले. (रीटाबाई ते टेनिस खेळण्यापूर्वी घेत, असे सांगतात.) पुष्कळ मुलांना त्याचा खरोखर गुण येतो, आणि त्याला सरसकट विष म्हणणाऱ्यांच्या पंगतीस मी बसणार नाही. परंतु भूक मंदावते, झोप उशिरा लागते, डोके वा पोट दुखते, नाडी जलद चालते. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तासांनी उतरला की कित्येक मुले चिडचिडी होतात. आणि अर्धपोटी, अपुऱ्या झोपेचे मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बावचळले, तर तो दोष विकाराच्याच माथी मारून मात्रा वाढविण्याची मागणी होते.

१९७७ साली स्प्रेग आणि स्लीटर या अमेरिकन संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, ते येथे मुद्दाम सांगतो. वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम मात्रेवर मुलांची स्मरणाची कामगिरी उत्तम झाली, १ मिलिग्रॅमवर ती घसरली; आणि शिक्षकांनी पसंतीची मोहोर उठविली ती नेमकी या मोठ्या मात्रेवर! वर्गाचा बंदोबस्त आणि मुलाचे शिक्षण ही दोन निरनिराळी खाती आहेत. एकाची जमा दुसऱ्यात मांडली की हिशेब असा फसतो.

म्हणून आईबापांना माझी विनंती एवढीच, की स्वतःच्या मुखत्यारीने गोळी बंद करू नका आणि वाढवूही नका. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे, न्याहारी गोळीच्या आधी देणे, ॲटोमॉक्सेटिनसारखे दुसरे औषध योजणे, असे मार्ग डॉक्टरांपाशी आहेत. परंतु त्यांच्यापुढे पुरावा हवा. पुढच्या खेपेस जाताना शाळेच्या शेऱ्याबरोबर मुलाची वहीही न्या, आणि डबा किती वेळा भरलेला परत आला तेही सांगा.