घाबरलेल्या मुलाला एकटे सोडू नका
(चांदीप येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सुरुवातीलाच माझी एक चूक कबूल करतो. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. हात थरथरत होते, घाम फुटला होता. म्हणाला, "सर, छाती धडधडते, जीव जाईल असे वाटते." मी म्हणालो, "अभ्यास केला नाहीस, म्हणून ही नाटके!" दुसऱ्या दिवशी तो पेपरला आलाच नाही. त्याचे वर्ष गेले. ते नाटक नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात. संकट आले की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि हृदय जोराने धडधडू लागते. येथे संकट नसतानाच तसे घडते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो; म्हणून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. हा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि ओसरतो. त्याने जीव जात नाही. मात्र छातीत प्रथमच दुखले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर घरी अंदाज न बांधता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

भीती दुबळ्यांनाच वाटते, असे समजू नका. आपल्या पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा धट्टीकट्टी माणसेही घराबाहेर, तंबूत झोपली. त्यांना कोणी नाटकी म्हटले नाही. मग कारण डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यासाठी मुलाला तसे का म्हणावे?

अशा वेळी त्याच्याजवळ बसा. गर्दी हटवा. "मी येथे आहे, हे ओसरेल," एवढेच शांतपणे सांगा. त्याच्यासोबत चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. "घाबरू नकोस" असे दरडावू नका.

विद्यार्थी मित्रांनो, झटक्याच्या भीतीने शाळा, परीक्षा, लोकलचा प्रवास टाळू नका. टाळण्याने भीती वाढते. सोबतीला कोणी घेऊन थोडे थोडे पुढे जा. झटके वारंवार येत असतील तर घरी सांगा. पालकांनो, दुवा जरूर मागा, पण डॉक्टरांनाही दाखवा. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने हा त्रास आटोक्यात येतो. शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही बोलता येते.

त्या मुलाने पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. पण त्या दिवशी मी दहा मिनिटे त्याच्याजवळ बसलो असतो, तर कदाचित त्याचे वर्ष वाचले असते. ती दहा मिनिटे आपण आपल्या मुलांना द्यावीत, एवढेच मागणे. खुदा हाफिज.