'जाणे' आणि 'गेली'



नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधविलेला काशीचा भोसले घाट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा इतिहास मात्र मी आज सांगणार नाही. त्या घाटावर ऐकलेल्या एका क्रियापदाविषयी बोलणार आहे.

तेथे एका महाराष्ट्रीय घरातील चिमुरडी आजीला म्हणाली, "आजी, होडी जाली!" मंडळी हसली. मुलगी ओशाळली आणि पुढचे सारे हिंदीतून बोलली. परमुलखातील घरांतून मराठी नाहीशी होते ती पुष्कळदा अशा हसण्यामुळेच.

वस्तुतः तिचे काय चुकले? 'बसणे'चे 'बसली', 'न्हाणे'चे 'न्हाली', तर 'जाणे'चे 'जाली' का नको? तिला नियम नेमका उमगला होता. नियमाबाहेर होते ते क्रियापद. संस्कृतात जाण्याचे 'या' आणि 'गम्' असे दोन धातू आहेत. आपले 'जाते' पहिल्यापासून आले, 'गेली' दुसऱ्याच्या 'गत' या रूपापासून. स्पॅनिश भाषेत तर तीन क्रियापदांची सरमिसळ आहे! 'ईर' म्हणजे जाणे, 'बोय' म्हणजे मी जातो आणि 'फुई' म्हणजे मी गेलो. ही रूपे तीन निरनिराळ्या लॅटिन क्रियापदांची. शिवाय 'फुई'चा अर्थ 'मी होतो' असाही होतो. माद्रिदच्या आज्यांनाही हसू आवरावे लागत असेल!

हिंदीत 'मैं गया, तू गया, वह गया'. पुरुष बदलला तरी रूप एकच. मराठीत 'गेलो, गेलास, गेला', आणि स्त्रीलिंगी 'गेले, गेलीस, गेली'. हिंदीत शिकणारी आपली मुले 'तू गेला' म्हणतात, त्याचे एक कारण हेही असावे. (वऱ्हाड-नागपूरकडील श्रोत्यांनी रागावू नये, तिकडे ते घरचेच रूप आहे.)

परंतु काशीची बोली केवळ हिंदी नव्हे. तेथला नावाडी भोजपुरीत 'ऊ गइल' म्हणतो. 'गया'मध्ये नसलेला आपला 'ल' तेथे आहे. बंगालीतील 'गेलो'मध्येही आहे. मुलांना मराठी रूप शिकविण्यासाठी व्याकरणाचे पुस्तकच हवे असे नाही. शेजारची बोलीही साहाय्यास येते.

त्या आजींना हे ठाऊक असावे. हसणे थांबल्यावर त्यांनी नातीला जवळ घेऊन विचारले, "तो नावाडी गेला, तर इथली माणसं काय म्हणतात गं?"

"गइल."

"आणि आपण?"

मुलगी क्षणभर नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गेला. आणि होडी गेली."